पुस्तक मागून आणावे की विकत घ्यावे?

आपटा हे नाव बाहेरगावच्या माणसाला सांगितले की तो आधी स्टेशनाबद्दल विचारतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या १९९५ सालच्या चित्रपटातला शेवटचा, गाडी सुटतानाचा प्रसंग इथे चित्रित झाला आणि तेव्हापासून आमचे स्टेशन गावापेक्षा मोठे झाले. त्याच फलाटावर पिशवीत दोन पुस्तके घेऊन पनवेलच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाईकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. रसायनी, सोमाटणे आणि मग पनवेल. मधली स्टेशने दोनच, पण गाड्या दिवसाला मोजक्या. परतीची एक चुकली की संध्याकाळच्या स्वयंपाकाचा खोळंबा.

या महिन्यात लिहायचे आहे ते त्या पिशवीतल्या पुस्तकांविषयी. ती वाचनालयातून आणावीत की विकत घ्यावीत?

शिकलेल्या घरांत याचे उत्तर ठरलेले असते. पुस्तक विकतच घ्यावे, लेखक-प्रकाशक जगले पाहिजेत. काटकसरीच्या घरांतही ठरलेलेच असते. एकदा वाचून कपाटात पडणाऱ्या वस्तूवर पैसे कशाला घालवायचे? मला ही दोन्ही उत्तरे शहरातली वाटतात. ज्याच्या घरापासून पाच मिनिटांवर वाचनालय आणि दहा मिनिटांवर पुस्तकांचे दुकान आहे, त्याने खुशाल हा वाद घालावा. आमच्याकडे हिशेब जरा वेगळा पडतो.

दोनशे-अडीचशे पानांची मराठी कादंबरी आज तीनशे-चारशे रुपयांच्या घरात जाते. वाचनालयाची महिन्याची वर्गणी तिच्या मानाने अगदीच किरकोळ. सुरुवातीला अनामत भरावी लागते, ती सभासदत्व सोडताना परत मिळते. कागदावर वाचनालय जिंकले. पण पुस्तक आणायला एक खेप आणि परत करायला दुसरी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, ही सोय मोठी आहे, त्याबद्दल शुक्रच करायला हवा. तरी स्टँडपासून पुढची रिक्षा राहतेच, आणि अर्धा दिवस जातो तो जातोच. अर्ध्या दिवसाला अर्धे तिकीट नसते. पावसाळ्यात पातळगंगा भरून वाहू लागली की पंधरा दिवसांचे पुस्तक महिनाभर घरात राहते आणि वर दंड बसतो.

म्हणून खेड्यातल्या घराने आधी एवढेच पाहावे, की हे पुस्तक घरात किती दिवस लागणार आहे आणि किती जणांना लागणार आहे. फुकट की विकत हे त्यानंतर आपोआप ठरते.

हा वाद आजचा नाही. सातशे वर्षांपूर्वी काहिऱ्यात तो चांगलाच रंगला होता. बद्रुद्दीन इब्न जमाआ हे शाफई मसलकाचे मोठे आलिम, मुख्य काझीच्या पदावर राहिलेले. त्यांचा इंतकाल १३३३ साली झाला. उस्ताद आणि शागीर्द यांच्या अदबीवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला, त्यात पुस्तकांवर वेगळे प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे असे की विद्यार्थ्याने लागणारी पुस्तके जमेल तर विकत घ्यावीत, न जमले तर भाड्याने किंवा मागून आणावीत, कारण ती शिकण्याची हत्यारे आहेत. विकत घेणे शक्य असताना नक्कल उतरवत बसू नये, कारण तेवढा वेळ शिकण्यातून जातो. आणि लगेच पुढे ते बजावतात की पुस्तके पुष्कळ जमली म्हणजे इल्म आले असे कोणी समजू नये. काचेच्या कपाटात जाडजूड ग्रंथ लावून ठेवणाऱ्यांना त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्याच काळात, त्याच शहरात अंदलुसहून आलेले अबू हय्यान नावाचे मोठे व्याकरणकार राहत होते. ते पुस्तके विकत घेणाऱ्यांची चेष्टा करत. हवे ते पुस्तक मला वक्फच्या कुतुबखान्यातून मिळते, पण कोणाकडे चार दिरहम उसने मागितले तर देणारा सापडत नाही, मग दिरहम का खर्च करू, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मला अबू हय्यान आवडतात. पटतात मात्र इब्न जमाआ. अबू हय्यान यांच्या पावलापावलावर मदरसे आणि त्यांचे कुतुबखाने होते. दोन मुले, सासू-सासरे आणि शेगडीवर ठेवलेली डाळ सोडून त्यांना आमच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसावे लागले असते, तर त्यांनीही खिशात हात घातला असता.

पण अबू हय्यान यांच्या बोलण्यातली एक गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. त्यांना फुकट मिळणारे पुस्तक कोणीतरी आधी विकत घेतलेले होते. घेतले, आणि वक्फ केले. याकूत अल-हमवी हे भूगोलाचा प्रचंड कोश लिहिणारे प्रवासी. ते मध्य आशियातल्या मर्व शहरात काही वर्षे राहिले. तिथे वक्फचे दहा कुतुबखाने होते, त्यांतल्या एकात सुमारे बारा हजार ग्रंथ होते, असे ते सांगतात. आणि पुस्तके देण्यात तिथले लोक इतके सढळ होते की याकूत यांच्या मुक्कामी एका वेळी दोनशे-दोनशे ग्रंथ असत, बहुतेक कोणतीही अनामत न घेता दिलेले. त्यांच्या कोशासाठीची बरीच टिपणे त्यांनी याच मागून आणलेल्या पुस्तकांतून जमवली. १२२१ साली मंगोलांनी मर्व उद्ध्वस्त केले, कुतुबखाने गेले. त्या पुस्तकांतले जे याकूत यांनी उतरवून घेतले होते, तेवढे उरले.

आता आपल्या घराकडे येऊ.

जे पुस्तक रोज हाताशी लागते ते विकत घ्यावे, याबद्दल दुमत नसावे. कुरआनचा मराठी अनुवाद, एक चांगला शब्दकोश, लहान मुलांची पाच-सात चित्रांची पुस्तके. लहान मूल एकच गोष्ट शंभर वेळा ऐकते, पानावर दुधाचा पेला उलटा करते आणि आवडलेले चित्र फाडून उशीखाली ठेवते. ते पुस्तक वाचनालयाचे असेल तर मुलाला रागावावे लागते, आपले असेल तर चिकटपट्टी लावून भागते. मुलाने पुस्तकाला घाबरू नये असे वाटत असेल तर पहिली पुस्तके त्याच्या मालकीचीच असावीत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तके अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळतात.

कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णने, चरित्रे मागून आणावीत. फार आवडले आणि वर्षभराने पुन्हा वाचावेसे वाटले, तर तेव्हा घ्यावे. पाककृतीची पुस्तके कोणी का विकत घेते हे मला आजवर कळलेले नाही. आमच्याकडे सांदणाचे प्रमाण पुस्तकात पाहणाऱ्या सुनेला सासू हसते.

काही पुस्तकांना मागण्याची किंवा विकत घेण्याचीही गरज नाही. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. पुढची घ्यावी लागतात, पण बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोबाईलमध्ये उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके मोफत उतरवता येतात. साने गुरुजींना जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे त्यांच्या लेखनावर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही. पालगडच्या या कोकणी माणसाने 'इस्लामी संस्कृती' नावाचे पुस्तक लिहिले होते, हे आपल्या मुलांना 'श्यामची आई'बरोबरच सांगायला हरकत नाही. मोबाईलवर लांबलचक वाचन होत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकते आणि ती खरी आहे. पण एक धडा, एक नोंद, एक कविता नक्की वाचून होते.

खरी अडचण येते ती आमच्या शेजारच्या मुलीसारख्यांची. ती बारावी झाली आणि घरी आहे. पोलीस भरतीची परीक्षा द्यायची तिची इच्छा आहे, अब्बांचा विरोध नाही, पण रोज पनवेलला अभ्यासिकेत जाऊन बसणे घरात कोणाला पटत नाही. अशा मुलीसाठी वाचनालय म्हणजे तिच्याऐवजी भाऊ जाणार आणि हाताला येईल ते पुस्तक उचलून आणणार. एकदा त्याने सामान्य ज्ञानाचे चार वर्षांपूर्वीचे पुस्तक आणले. त्यातले निम्मे मंत्री बदललेले होते. स्पर्धा परीक्षेची चालू घडामोडींची पुस्तके दरवर्षी शिळी होतात, ती मागून आणण्यात अर्थ नाही. गणित, व्याकरण, इतिहास यांची पुस्तके शिळी होत नाहीत, ती जुनी चालतात. शेवटी मोहल्ल्यातल्या तिघींनी मिळून चालू घडामोडींचे एक नवे पुस्तक घेतले, बाकीची मागच्या वर्षी परीक्षा दिलेल्या एका मुलीकडून आणली. आठवड्याचे दिवस वाटून घेतले. दोन दिवस हिच्याकडे, दोन दिवस तिच्याकडे, दोन दिवस तिसरीकडे; जुम्म्याला तिघी एकत्र बसतात आणि एकमेकींना प्रश्न विचारतात. नवे पुस्तक तिघींत प्रत्येकी शंभर रुपयांच्या आत पडले.

मुलींना वाचायला बाहेर पाठवायचे की नाही यावर घराघरांत वेगवेगळी मते असतात, त्या वादात मी आज शिरत नाही. पण एवढे म्हणेन, की जे घर मुलीला वाचनालयात पाठवत नाही, त्या घरावर पुस्तक विकत घेण्याची जबाबदारी दुप्पट येते. बाहेरही जायचे नाही आणि घरातही पुस्तक आणायचे नाही, असे दोन्ही बाजूंनी दार लावून चालणार नाही. मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता जिथे विनातक्रार भरला जातो, तिथे तीनशे रुपयांच्या पुस्तकाला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणायला जीभ कशी वळते?

वाचनालयाबद्दलही आपल्या लोकांची एक तक्रार असते. आपली पुस्तके तिथे नसतात. तक्रार खरी आहे. १९९० हे साल पाहा. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुसलमान मराठीत लिहितात, हे तेव्हापासून तरी कोणाला नव्याने सांगायची गरज राहिली नाही. त्याच्याही कितीतरी आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला आणि शाहीर अमर शेखांनी मैदाने गाजवली. तरी एका वाचनालयात माझ्या मुलीने मुस्लिम मराठी लेखकांचे कथासंग्रह विचारले, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, "बेटा, त्याला इथे मागणी नाही."

राग आला, पण ते खोटे बोलत नव्हते. कोणी मागितलेच नसेल तर मागणी कुठून असणार? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळते आणि त्यातून पुस्तकांची खरेदी होते. काय घ्यायचे हे वाचनालयाची समिती ठरवते. समितीपुढे सभासदांच्या मागण्या जातात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एक वही असते, नसेल तर साध्या कागदावर अर्ज देता येतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आपले नाव आणि सभासद क्रमांक, एवढेच लिहायचे. मुलीने त्या दिवशी तीन नावे लिहिली. पुढच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या आणखी दोन सभासदांनी तीच नावे लिहिली. सहा महिन्यांनी तिघांपैकी दोन पुस्तके फळीवर आली होती, आणि त्यातले एक आमच्याआधी कोणीतरी घरी नेलेही होते. कोणी नेले ते आम्हांला ठाऊक नाही.

वाचनालयाच्या सभासदत्वाचा हा फायदा लोक विसरतात. तुमच्या वर्गणीत तुम्हांला वाचायला मिळतेच, शिवाय गावाने काय वाचावे यात एक मत मिळते. विकत घेतलेल्या पुस्तकाने ते मत मिळत नाही. म्हणून ज्यांना सगळी पुस्तके विकत घेणे परवडते त्यांनीसुद्धा सभासद राहावे असे मला वाटते.

आता मागून आणलेल्या पुस्तकाच्या अदबीविषयी, कारण भांडणे इथेच होतात. शरीअतमध्ये वापरायला मोफत दिलेल्या वस्तूला आरियत म्हणतात. सूरह माऊनमध्ये शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणाऱ्यांवर ठपका आहे; मुफस्सिरांनी तिथे भांडे, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणे दिली आहेत. पुस्तक त्याच पंगतीत बसायला हरकत नसावी. पण देणाऱ्यावर जसे बंधन आहे तसे घेणाऱ्यावरही आहे. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. आपल्या मसलकात आरियत घेतलेली वस्तू हरवली, तर आपली चूक नव्हती असे सांगून सुटका होत नाही, भरपाई द्यावी लागते. नेहमीच्या वापराने झिजली तर गोष्ट वेगळी. हनफी मसलकात ती अमानत मानली जाते आणि हलगर्जी केली असेल तरच भरपाई येते. बारकावे आपल्या इमामसाहेबांना विचारावेत. पण 'पुस्तकच तर होते' हे वाक्य दोन्ही मसलकांत चालत नाही, एवढे नक्की.

इब्न जमाआ यांनी तर घेणाऱ्यासाठी यादीच दिली आहे. देणाऱ्याचे आभार मानावेत. गरज संपल्यावर पुस्तक अडकवून ठेवू नये. मालकाच्या परवानगीशिवाय समासात काही लिहू नये. दुसऱ्याला परस्पर देऊ नये. हे शेवटचे आमच्या मोहल्ल्यात मोठ्या अक्षरांत लावायला हवे. माझ्याकडून गेलेले एक पुस्तक नणंदेच्या जाऊबाईंकडून तिच्या माहेरी, तिथून पेणला आणि पेणहून मुंब्र्याला गेले. आता ते पुस्तक माझ्यापेक्षा जास्त फिरलेले आहे.

पुस्तक मागवायचे तर टपालाची आठवण ठेवा. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा सुरू केली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला वीस रुपयांपासून आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे तिचे दर आहेत. एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा चार घरांनी मिळून एकदम मागवले तर टपालखर्च नावापुरता उरतो. प्रकाशकही चार-पाच प्रतींवर सवलत देतात, फक्त फोन करून मागावी लागते.

आणि चार घरे एकत्र आलीच, तर आणखी एक पाऊल टाकता येईल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' नावाचा उपक्रम चालवला आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. वाचकाने वाचनालयाकडे जायचे नाही, पेटीच वाचकाकडे येते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या संस्थानात फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी पाठवल्या होत्या, त्यातलीच ही तऱ्हा. आपल्याकडे मशिदीला जोडून कुतुबखाना असणे तर जुनीच रीत आहे. मुंबईच्या जामा मशिदीचा कुतुबखाना मोहम्मदिया आजही जुन्या हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. आपल्याला हस्तलिखिते नकोत. एक लोखंडी कपाट पुरे.

आमच्या मोहल्ल्यात याची बोलणी सुरू आहेत. कपाट एकांच्या घरी रिकामे आहे. जागा मकतबच्या खोलीत मिळू शकते, पण तिथे सकाळी मुले असतात, म्हणून वेळ असरनंतर मगरिबपर्यंतची ठरते आहे. बायकांना आणि मुलींना मकतबपर्यंत यायला कोणाच्या घरात अडचण नाही, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर दोन बैठका झाल्या. पुरुषमंडळींचे म्हणणे ट्रस्टींकडे. बायकांचे म्हणणे की ट्रस्टी रसायनीला कामावर जातात, संध्याकाळी सातशिवाय घरी येत नाहीत, मग कपाट उघडणार कोण? बहुधा किल्ली त्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीकडे जाईल. तिने शंभर पानी वही आणून रकाने आखूनही ठेवले आहेत: पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पहिल्या पानावर आजवर एकोणीस पुस्तकांची नावे चढली आहेत, त्यातली अकरा घराघरांतून आली आणि आठ विकत घ्यायची आहेत. मुंब्र्याला गेलेले माझे पुस्तक विसाव्या क्रमांकावर लिहावे की नाही, याबद्दल ती अजून विचार करते आहे.